तीन हजार सहाशे एकेचाळीस लाभार्थी

झूराकान एजेने, म्हणजे झूराकानताईने, चौतीस वर्षं जलगिझ-तेरेकच्या शाळेत गणित शिकवलं. गावातल्या निम्म्या मिशाळ पुरुषांचे कान एकेकाळी तिच्या चिमटीत येऊन गेले होते. निवृत्त झाल्यावर इतर बायकांसारखी नातवंडं सांभाळावीत, जर्दाळू वाळवावेत, हे काही तिला जमेना. त्यात मागच्या उन्हाळ्यात ती हवापालटाला म्हणून आठवडाभर जायलोवर, म्हणजे वरच्या उन्हाळी कुरणावर गेली आणि तिथे तिने बुरुलच्या तिलेकला ओढ्यातून बाहेर काढलं.

बुरुल ही मेंढपाळाची बायको. घोड्या तिच्याकडे असायच्या. घोडीचं दूध दर दोन तासांनी काढावं लागतं, नाहीतर त्याचा किमिझ, हे आंबवलेलं, जरा चढणारं पेय, होत नाही, आणि उन्हाळ्यात किमिझ विकला नाही तर हिवाळ्यात घरात पीठ नाही. म्हणून पोर चालायला लागल्यापासून ती त्याच्या कमरेला दोरी बांधायची आणि दुसरं टोक युर्तच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, दाराला. वरच्या सगळ्याच बायका बांधायच्या. त्या दिवशी तिलेकने गाठ सोडली. झूराकान पाण्यात शिरली तेव्हा ते लेकरू गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून खिदळत होतं. बुरुलने त्याला आधी दोन धपाटे घातले, मग छातीशी धरून रडली, आणि तेवढ्यात घोड्यांची वेळ झाली म्हणून त्याला पुन्हा बांधून निघून गेली.

हे शेवटचं झूराकानच्या मनातून जाईना. खाली आल्याआल्या तिने संस्था काढली. पुढच्या उन्हाळ्यात जायलोवर युर्तमध्ये बालवाडी चालवायची: दोन शिक्षिका, एक स्वयंपाकीण, खेळणी, अंथरुणं. एकेचाळीस पोरं, आणि एकही बांधलेलं नाही. संस्थेचे सभासद तीन. अध्यक्ष ती स्वतः. सचिव नुरझात, ही गावच्या वाचनालयात बसणारी पोरगी, बिश्केकला शिकून आलेली. तिला इंग्रजी येत होतं आणि जिथे इंटरनेट होतं त्या खोलीची किल्लीही तिच्याकडेच होती. तिसरा साग्यन, कारण त्याच्याकडे जीप होती. या साग्यनला झूराकानने अपूर्णांकात दोनदा नापास केलं होतं, पण गावात धड चालणारी जीप एकच, त्यामुळे इलाज नव्हता.

पैसे द्यायला गावात कोण बसलं होतं? तेव्हा फाउंडेशनला अर्ज करायचा ठरला. आल्प्सकडच्या कुठल्याशा देशातलं एक फाउंडेशन लहान मुलांसाठी पैसे देतं, हे नुरझातने शोधून काढलं. फाउंडेशनला अर्ज करणं म्हणजे मुलगी दाखवण्याचाच प्रकार. गुण वाढवून सांगायचे, अवगुण झाकायचे. फरक एवढाच, की हे लोक अवगुणांसाठी वेगळा रकाना ठेवतात. त्या रकान्याचं नाव जोखीम. 'तुमच्या प्रकल्पात काय काय वाईट घडू शकतं ते सविस्तर लिहा.'

इथेच घोडं अडलं. अर्जाचा शेवटचा दिवस, दुपारी तीनला वीज जाणार हे ठरलेलं, आणि झूराकान हाताची घडी घालून बसलेली. नुरझात काकुळतीला आली. पूर येईल, साथ येईल, असं काहीतरी लिहावंच लागतं, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही, असं तिने परोपरीने सांगितलं.

"पोरांच्या बाबतीत वाईट तोंडाने बोलायचं आणि वर लिहूनही द्यायचं?" झूराकान म्हणाली. "तुझ्या आजीने ऐकलं असतं तर तुला चुलीतली राख चाटवली असती."

अर्धा तास गेला. शेवटी जोखमीच्या रकान्यात 'देव न करो' असं लिहायचं ठरलं आणि नुरझातने ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. तोवर तीनला अकरा मिनिटं उरली होती, आणि खालचा एक रकाना लाल होऊन लुकलुकत होता. लाभार्थी एकूण किती? झूराकान अजून जोखमीच्याच रागात होती. वर कितीजण जाणार ते साग्यनला विचार, तो कुरण समितीच्या कचेरीतच बसलाय, असं ती म्हणाली. पण म्हणाली ती आपल्या नेहमीच्या शब्दांत. "विचार त्याला, यंदा वर मल-जान किती जाणार."

आता मल म्हणजे जनावरं आणि जान म्हणजे जीव, माणसं. पण असं फोड करून कोण बोलतं? रस्त्यात दोघं भेटले की मल-जान ठीक ना, असं एका दमात विचारायचं. जनावरं आधी, माणसं मागून, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नुरझातने फोन केला. साग्यनने वही उघडली, बोटांवर मोजलं, आणि आकडा सांगितला. नुरझातने तो टाइप केला, बटण दाबलं आणि वीज गेली.

एप्रिलमध्ये पत्र आलं. नुरझात घरातल्या सपाता पायात असतानाच चिखलातून पळत आली, एक सपात वाटेत राहिली ते तिला कळलंही नाही. निवड झाली होती. सातशे अर्जांतून शेवटच्या चारांत. आता फक्त एक बाई प्रत्यक्ष पाहायला येणार, आणि मग पैसे. झूराकानने पिठाच्या हातांनी तिचे दोन्ही गाल धरले. साग्यनने जीप काढली आणि भोंगा वाजवत गावाला तीन चकरा मारल्या, तेव्हा कुणाचं तरी लग्न आहे असं समजून चार म्हाताऱ्या सजून बाहेर आल्या. त्यांना परत कसं पाठवायचं? मग कढई चढली, बोरसोक तळले गेले, आणि चारही म्हाताऱ्यांनी हात पसरून फाउंडेशनला आशीर्वाद दिले, त्याला भरपूर मुलं होवोत म्हणून.

मग नुरझातने तोंडात बोरसोक धरून पत्राचा दुसरा परिच्छेद वाचायला घेतला, आणि तिचं चावणं थांबलं.

"एजे," ती म्हणाली, "ते म्हणतात, तीन हजार सहाशे एकेचाळीस बालकांना इतक्या कमी खर्चात सांभाळणारी संस्था त्यांनी जगात कुठे पाहिली नाही."

जलगिझ-तेरेक गावात म्हातारेकोतारे धरून माणसंच होती नऊशे. झूराकान हळूच साग्यनकडे वळली. चौतीस वर्षांत त्या नजरेने भल्याभल्यांना घाम फोडला होता.

"तो आकडा कुठून आणलास रे?"

"वहीतून," साग्यन म्हणाला. "मेंढ्या तीन हजार दोनशे बारा. घोडे दोनशे अठ्ठ्याऐंशी. गाई सत्त्याण्णव. याक तीन. आणि पोरं एकेचाळीस. बेरीज करून बघा, एजे, या वेळी बरोबर आहे."

झूराकानने मनातल्या मनात बेरीज केली. बरोबर होती.

"कुत्रे धरले नाहीत," साग्यनने जरा धीर येऊन जोडलं. "म्हटलं, कुत्र्यांना कशाला बालवाडी?"

आधी म्हाताऱ्यांपैकी एक हसली. मग दुसरी. मग नुरझातला असा काही ठसका लागला की तिला पाठीवर थापटून पाणी पाजावं लागलं. झूराकान मात्र हसली नाही. शब्द तिचा होता. गणिताच्या बाईने एकक न सांगता आकडा मागवला होता. शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर तिने त्याला बाकावर उभं केलं असतं.

गावचे प्रमुख सल्ला द्यायला लगेच हजर झाले. त्यांचं म्हणणं, एवढं काय त्यात, मागे मोठे साहेब आले होते तेव्हा आपण तीन गावांची पोरं एकाच शाळेत बसवली होतीच की. नुरझातचं मत गप्प बसावं असं पडलं. बाई येईल, डोंगर बघेल, फोटो काढेल, तीन हजार पोरं कोण मोजत बसतंय? झूराकान म्हणाली, मी मोजत बसते. आणि तिने त्याच दुपारी नुरझातला समोर बसवून खरं काय ते पत्र लिहायला लावलं. उलट उत्तर एका मिनिटात आलं. पाहणी करणाऱ्या उर्सेल बाई दौऱ्यावर आहेत, परत आल्यावर पत्रं वाचतील. बाईंचा दौरा संपायचा होता तो इथेच, जूनमध्ये, जलगिझ-तेरेकच्या जायलोवर.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. फाउंडेशनच्या नियमावलीची नऊ पानं होती, पण वाचनालयातल्या यंत्राची शाई आठव्या पानावर संपली होती. नववं पान नुरझातने आता पडद्यावर वाचलं. बालक निधीतून मदत हवी असेल तर किमान एक हजार बालकं लागतील, असं त्यावर लिहिलं होतं.

म्हणजे खरं सांगितलं तर बालवाडी गेली, आणि नाही सांगितलं तर झूराकान गेली. जूनपर्यंत ती याच दोन टोकांत हेलपाटत राहिली. पण बाई आल्याआल्या, जीपमधून उतरल्याबरोबर, सगळं सांगून टाकायचं हे तिने पक्कं केलं होतं. नुसतं कागदावरचं खरं तिला नको होतं, तोंडाने सांगायचं होतं.

उर्सेल बाई साठीच्या, आडव्या बांध्याच्या, उन्हाने लाल झालेल्या, पायात जाडजूड बूट. मोडकी रशियन बोलायच्या, आणि ती अडली की नुरझातकडे बघायच्या. त्या जीपमधून उतरल्या, झूराकानने घसा साफ केला, आणि पहिल्या युर्तमधून एक आजी नानचं ताट घेऊन बाहेर आली. दारावरून पाहुणा जातोय आणि भाकरीचा तुकडा तोंडात घालत नाही, असं जायलोवर कधी झालं नाही. आणि उपाशीपोटी पाहुण्याला वाईट बातमी सांगणं, हे तर शत्रूही करत नाही. झूराकानने ओठ मिटले.

पहिल्या युर्तमध्ये नान, कायमाक म्हणजे घट्ट साय, आणि किमिझ. उर्सेल बाईंनी किमिझचा पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की आजीने जागेवरच निदान केलं, बाईंना दुसरा घोट हवाय. दुसरा घोट त्यांना आवडला. दुसऱ्या युर्तमध्ये तर त्यांनी आपण होऊन वाडगा पुढे केला. झूराकान तोंड उघडायला जाई तेवढ्यात तिसऱ्या युर्तचं ताट येई. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक तिने पाहिले होते. किमिझला येऊन आकडा लपवणारी ती पहिलीच. बरं, पाहुण्याबरोबर वाडगा लावावाच लागतो, त्यामुळे चौथ्या युर्तनंतर तिच्याही पायाखालचं गवत जरा मऊ वाटायला लागलं होतं. साग्यन तर पाचव्या युर्तमध्येच बसून राहिला.

"मुलं फार छान आहेत," उर्सेल बाई प्रत्येक युर्तबाहेर म्हणायच्या. "बाकीची कुठे आहेत?"

"येतील," नुरझात म्हणायची. "संध्याकाळी येतात सगळी."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच झूराकानने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

सहावी युर्त बुरुलची. दारात तिलेक होता, चार वर्षांचा, गुबगुबीत, कमरेला दोरी. तो दोरी पुरेल तिथवर पळायचा, हिसका बसला की बसकण मारायचा, उठून पुन्हा पळायचा. त्याला तो खेळच वाटत होता. बुरुल घोड्यांकडून धापा टाकत आली, पाहुणी दारात बघून ओशाळली आणि गाठ सोडायला वाकली. उर्सेल बाईंनी तिचा हात धरला.

"माझी आई आम्हाला टेबलाच्या पायाला बांधायची," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही उन्हाळ्यात डोंगरावर जातात, गाई घेऊन. मी पाच वर्षांची होईपर्यंत बांधलेली होते. आई वाईट नव्हती. तिला दोनच हात होते."

नुरझातने हे सांगितलं तेव्हा बुरुल नुसती पदराने, म्हणजे डोक्याच्या रुमालाच्या टोकाने, नाक पुसत राहिली. झूराकानला वाटलं, आता. आता सांगायचं. पण नेमकी सातव्या युर्तमधून हाक आली, कारण तिथे बाईंसाठी मेंढी कापली होती आणि मुंडकं पाहुण्यापुढे ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालणार नव्हतं. उर्सेल बाईंनी त्या मुंडक्याचा कान कापून तिलेकला दिला, कान हा लहानग्याचा मान ही रीत त्यांना कुणी शिकवली होती देव जाणे. सगळ्या युर्तने बाईंना डोक्यावर घेतलं.

बाहेर आल्या तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. आणि डोंगराच्या तिन्ही बाजूंनी कळप उतरायला लागले. आधी आवाज आला, मग धूळ, मग सगळा उतार पांढरा-करडा होऊन खाली सरकायला लागला. मेंढ्या, मेंढ्यांमागे गाई, बाजूने घोडे आणि त्यांची उधळणारी शिंगरं, आणि सर्वांत शेवटी, कुणाचीही पर्वा नसलेले तीन याक. उर्सेल बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या.

"आणि मुलं?" त्यांनी विचारलं.

झूराकानने एक मोठा श्वास घेतला. पोटात सात युर्तींचा किमिझ होता आणि डोक्यात चौतीस वर्षांची गणितं.

"एकेचाळीस मुलं तुम्ही पाहिलीत," ती म्हणाली. "बाकीचे तीन हजार सहाशे हे."

नुरझातने डोळे मिटून भाषांतर केलं. मग झूराकानने एका दमात सगळं सांगितलं: मल-जान, साग्यनची वही, लाल रकाना, पाठवलेलं पत्र, नववं पान. चूक माझी, ती म्हणाली, पोरीला बोल लावू नका. शेवटी तिला राहवेना. "पण एक सांगते. आकडा चुकला, गणित चुकलं नाही. पोर सुरक्षित असलं की आई वेळेवर घोडीकडे जाते. पोर रडत नसलं की कोकरू हरवल्याचं तिच्या ध्यानात येतं. आमच्यात हा शब्द एकच आहे, तो काही उगीच नाही."

उर्सेल बाईंनी कळपाकडे पाहिलं. एक याक नेमका त्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि गंभीरपणे रवंथ करू लागला. बाईंच्या खांद्यांना आधी बारीक हिसका बसला. मग त्या गवतात मटकन बसल्या आणि हसायला लागल्या, अशा की डोळ्यांतून पाणी, टोपी एकीकडे, बूट एकीकडे. ही तीन हजार सहाशे बालकं, त्या मध्येच म्हणायच्या, याकाकडे बोट दाखवायच्या आणि पुन्हा सुरू. बुरुल हसली, सातही युर्ती हसल्या, पाचवीत बसलेला साग्यन काय झालं ते न कळता तिथूनच हसला. झूराकानलाही शेवटी आवरेना. एप्रिलपासूनचं तुंबलेलं हसू होतं ते.

हसणं ओसरल्यावर बाईंनी नाक शिंकरलं आणि खरं ते सांगितलं. बालक निधीचा नियम त्यांना मोडता येणार नव्हता. हजाराच्या खाली एक पैसा नाही. आकडा तसाच ठेवावा असं त्यांना क्षणभर वाटून गेलं, हेही त्यांनी कबूल केलं. ते मला चालणार नाही, असं झूराकान म्हणाली, पण म्हणताना तिने मान दुसरीकडे वळवली, कारण समोर बुरुल तिलेकला कडेवर घेऊन ऐकत उभी होती.

"थांबा," उर्सेल बाई म्हणाल्या. "बालक निधी माझा. पण माझ्या शेजारच्या खोलीत पशुधन निधी आहे. तिथे मेंढ्या लागतात. मेंढ्या कशामुळे सुखी होतात, ते तुम्ही लिहायचं. तुम्ही आत्ता मला सांगितलंत, तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या टपावर संगणक ठेवून नवा अर्ज लिहिला गेला. या वेळी प्रत्येक आकडा झूराकानने स्वतः सांगितला आणि एककासकट सांगितला. लाभार्थी: जनावरं तीन हजार सहाशे. इतर: बालकं एकेचाळीस. मेंढ्यांच्या सुखासाठी करायच्या उपायांत दोन शिक्षिका, एक स्वयंपाकीण, रंगीत ठोकळे आणि अंथरुणं आली. एकही अक्षर खोटं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ते इतकं पटलं, की तीन आठवड्यांत होकार आला, आणि शेळ्यांचाही विचार करावा अशी त्याने वर सूचना केली.

जुलैच्या पहिल्या सोमवारी युर्त उभी राहिली. दारावर नियमाप्रमाणे पाटी लावावी लागली: पशुधन विकास केंद्र. आत एकेचाळीस पोरं एकाच वेळी ओरडत होती. बायका आपापलं पोर सोडून जायच्या, चार पावलांवर थांबून मागे बघायच्या, पुन्हा जायच्या. बुरुल तर तीनदा परत आली. एकदा तिलेकची टोपी द्यायला, एकदा टोपी नको म्हणून घ्यायला, आणि एकदा कशाला ते तिला सांगता आलं नाही. तिलेकने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ठोकळ्यांचा डोंगर करण्यात गढला होता.

दहाच्या सुमारास झूराकान दारात उभी होती. घोड्यांचं दूध काढून झालं होतं आणि पुढच्या वेळेला अजून दीड तास होता. बुरुल खुंट्यापाशी उगीच उभी होती, दोन्ही हात लोंबत सोडून, हे हात आता कुठे ठेवायचे असा प्रश्न पडल्यासारखी. मग तिने एक घोडा सोडला, खोगीर नाही काही नाही, टांग टाकली आणि सुटली. रुमाल सुटून मागे पडला, वेणी पाठीवर आपटायला लागली. ओढा एका उडीत पार झाला.

झूराकान चार पावलं पुढे धावली. काही हरवलं की काय, कुणाला काही झालं की काय?

"बुरुल, कुठे चाललीस गं?"

"कुठेच नाही, एजे," पलीकडून हाक आली, आणि घोडा आणखी जोरात पळायला लागला.